सकाळच्या खाण्यात भाजी वाढवताना: पाणी, प्रमाण आणि आदल्या संध्याकाळची तयारी

सकाळी भाजी का खाल्ली जात नाही, असं विचारलं की बहुतेक जण 'वेळ नसतो' म्हणतात. ते अर्धंच खरं आहे. भाजी आदल्या रात्री चिरून ठेवली तरी अनेकांचा बेत चार-पाच दिवसांत बारगळतो, कारण ऑम्लेटला पाणी सुटतं, धिरडं तव्याला चिकटून मोडतं, टोस्ट ओला होतो आणि घरातली माणसं ताट बाजूला सारतात. या सगळ्याच्या मुळाशी भाजीतलं पाणी असतं. ते कधी आणि कसं काढायचं हे एकदा हातात बसलं की सकाळच्या कुठल्याही पदार्थात भाजी घालता येते.

किती घालायची ते आधी ठरवू. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला किमान ४०० ग्रॅम फळं आणि भाज्या खायला सांगते. बटाटा आणि रताळं यांसारखे पिष्टमय कंद त्यात धरत नाहीत. म्हणजे ८० ग्रॅमचे पाच वाटे. त्यातला एक वाटा सकाळीच पोटात गेला की उरलेला दिवस सोपा जातो. दोन जेवणांत पाच वाटे बसवायला गेलं की ताट जड होतं आणि रात्रीपर्यंत हिशेब अपुराच राहतो.

८० ग्रॅम म्हणजे एक मोठं गाजर, किंवा मोठ्या ढोबळी मिरचीचा अर्धा भाग, किंवा मध्यम टोमॅटोचा दोन तृतीयांश भाग. कच्चा पालक ८० ग्रॅम घेतला तर दोन-तीन मोठ्या मुठी भरतात, पण शिजल्यावर तो जेमतेम अर्धी वाटी उरतो. पालेभाजी डोळ्यांच्या अंदाजाने घेतली तर नेहमी कमीच पडते. पहिले काही दिवस वजनकाटा वापरा, नंतर हाताला अंदाज येतो.

भाजीतलं पाणी ओळखा

काकडी आणि झुकिनीत सुमारे ९५ टक्के पाणी असतं. टोमॅटोत त्याच्या जवळपास, मशरूम, कोबी, पालक आणि ढोबळी मिरचीत ९१ ते ९४ टक्के. गाजरात ८८ टक्क्यांच्या आसपास, मटारात ८० टक्क्यांहून थोडं कमी. आकड्यांतला फरक किरकोळ वाटतो, पण तव्यावर तो मोठा असतो, कारण हे पाणी किती सहज सुटतं तेही महत्त्वाचं. गाजराची पेशी घट्ट असते, ती पाणी धरून ठेवते. झुकिनी किसताक्षणी ओघळायला लागते.

पाणी काढण्याच्या तीन रीती आहेत आणि प्रत्येक भाजीला त्यातली एकच नीट लागू पडते.

मीठ लावून पिळणं ही झुकिनी, काकडी आणि कोबीची रीत. २५० ग्रॅम किसलेल्या भाजीला अर्धा छोटा चमचा मीठ चोळा, १५ मिनिटं चाळणीत ठेवा, मग सुती फडक्यात बांधून घट्ट पिळा. झुकिनीतून सहज तीन-चार मोठे चमचे पाणी निघतं. हे पाणी खारट असलं तरी बरंचसं मीठ भाजीतही उरतं, त्यामुळे पुढे पदार्थात मीठ निम्मंच घाला. बहुतेकांचे पदार्थ इथेच खारट होतात.

कोरड्या पॅनमध्ये आटवणं ही मशरूमची रीत. तेल न घालता मोठ्या आचेवर टाका आणि गर्दी करू नका. एकावर एक थर आला की वाफ कोंडते आणि मशरूम भाजण्याऐवजी उकडली जातात. आधी पाणी सुटेल, मग ते आटेल, मग चर्रर्र आवाज बदलून कोरडा होईल. तेल आणि मीठ त्यानंतर. जास्त वेळ ठेवली तर मशरूम चिवट होतील अशी भीती असते, ती सोडून द्या. त्यांच्या पेशींच्या भिंती कायटिन नावाच्या द्रव्याच्या असतात, त्या उष्णतेने सहजासहजी मोडत नाहीत. अंडं किंवा मांस जास्त शिजून जसं बिघडतं तसं मशरूमचं होत नाही.

चटका देऊन पिळणं ही पालक आणि इतर कोवळ्या पालेभाज्यांची रीत. धुतलेली पानं, अंगावर आहे तेवढ्याच पाण्यानिशी, गरम पॅनमध्ये टाका. एक-दीड मिनिटात बसतील. लगेच ताटलीत पसरा, हाताला सोसेल इतकी निवली की मुठीत पिळा, मग चिरा. आधी चिरून मग शिजवलं तर पानं एकमेकांना चिकटून लगदा होतो.

टोमॅटोचं काम वेगळं. त्याचं सहज सुटणारं पाणी मुख्यतः बियांच्या गरात असतं. आडवा कापून चमच्याने तो गर काढला की उरलेल्या भिंती बऱ्याच कोरड्या असतात. काढलेला गर फेकू नका. सूप किंवा आमटीत जाऊ द्या.

आदल्या संध्याकाळी काय करून ठेवायचं

सकाळी सुरी हातात घ्यावी लागली की बेत फिसकटतो. म्हणून आठवड्यातून दोनदा, वीस ते तीस मिनिटं काढा. रोज थोडं थोडं करण्यापेक्षा हे टिकतं, कारण ओटा, सुरी आणि किसणी एकदाच घाण होतात.

फ्रिजमध्ये तीन डबे तयार असले की पुरे. पहिल्यात कच्ची, घट्ट भाजी: किसलेलं गाजर, चिरलेला कोबी, ढोबळी मिरचीचे तुकडे. डब्याच्या तळाशी कोरडं फडकं किंवा कागदी रुमाल घाला, तो ओला झाला की बदला. असं ठेवलेलं तीन-चार दिवस चांगलं राहतं. दुसऱ्या डब्यात परतून कोरडी केलेली भाजी: कांदा, मशरूम, ढोबळी मिरची एकत्र. तिसऱ्यात भाजलेल्या फोडी: लाल भोपळा किंवा फ्लॉवरच्या दोन सेंटीमीटरच्या फोडी, तेलाचा हात लावून, २०० अंश सेल्सिअसला २५ ते ३० मिनिटं. ओव्हन नसेल तर जाड बुडाच्या पॅनमध्ये झाकण न ठेवता भाजा, वेळ तेवढाच लागतो, फक्त उलथत राहावं लागतं.

शिजवलेली भाजी दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये गेली पाहिजे आणि तीन-चार दिवसांत संपली पाहिजे. फ्रिजचं तापमान ५ अंशांच्या खाली असावं. मोठ्या खोल भांड्यात गरम भाजी भरली तर मधला भाग तासन्‌तास कोमट राहतो आणि तिथेच जंतू वाढतात. उथळ डब्यात पसरून थंड करा.

गोठवलेल्या भाज्यांना कमी लेखू नका. सकाळच्या घाईला त्यांच्याइतकं सोयीचं दुसरं काही नाही. गोठवण्याआधी बहुतेक भाज्या उकळत्या पाण्यातून किंवा वाफेतून काढलेल्या असतात, त्यामुळे त्यांना शिजायला कमी वेळ लागतो. पण गोठताना आत तयार झालेले बर्फाचे स्फटिक पेशी फोडतात आणि पाणी ताज्या भाजीपेक्षा जास्त सुटतं. मटार, फरसबी, फ्लॉवर हे बर्फासकट थेट गरम पॅनमध्ये, मोठ्या आचेवर टाका. आधी बाहेर काढून विरघळू दिले तर ते मऊ पडतात. गोठवलेला पालक मात्र याला अपवाद: तो रात्री फ्रिजमध्ये खालच्या कप्प्यात विरघळू द्या आणि सकाळी घट्ट पिळा. आणि गोठवलेली भाजी कच्ची खाऊ नका, आतपर्यंत वाफाळेल इतकी गरम करा.

अंडी

अंड्यात भाजी सर्वांत सहज मिसळते आणि सर्वांत जास्त बिघडतेही अंड्यातच, म्हणून हे थोडं सविस्तर.

दोन अंडी म्हणजे कवचाशिवाय साधारण १०० ग्रॅम. त्यात शिजवून कोरडी केलेली भाजी ६० ते ८० ग्रॅम बसते. याहून जास्त घातली तर अंड्याला ती धरून ठेवता येत नाही आणि ऑम्लेट उलटताना फाटतं. ज्यांना भाजी जास्तच हवी त्यांनी ऑम्लेटचा हट्ट सोडून भुर्जी करावी. तिथे १५० ग्रॅम भाजीही खपते.

भाजी कोरडी झाली का, हे बघायची सोपी परीक्षा आहे. ती चमच्याने पॅनच्या एका कडेला सारा आणि पॅन उलट बाजूला किंचित तिरका करा. दहा सेकंदांत भाजीखालून पाण्याचा ओघळ आला तर अजून दोन मिनिटं लागतील. फक्त तेलाची चकाकी दिसली तर झालं.

मग असं करा. २० ते २२ सेंटीमीटरचा पॅन मध्यम आचेवर तापवा, एक छोटा चमचा तेल किंवा लोणी घाला. कोरडी भाजी आधी पॅनमध्ये पसरा आणि गरम होऊ द्या. फ्रिजमधली थंड भाजी अंड्यात कालवून ओतली तर पॅनचं तापमान पडतं, अंडं सावकाश आवळतं आणि खाली चिकटतं. अंडी मीठ घालून पंधरा-वीस सेकंदच फेटा, भाजीवर ओता, आच मंद करा. कडा घट्ट झाल्या की उलथण्याने त्या आत ओढा आणि पातळ अंडं रिकाम्या जागी वाहू द्या. वरचा भाग ओलसर चमकदार पण न वाहणारा दिसला की घडी घाला, आच बंद करा आणि झाकून एक मिनिट ठेवा. आतलं त्या उष्णतेवर शिजतं. लहान मुलं, गर्भवती आणि वयस्कर माणसं यांच्यासाठी मात्र अंडं पूर्ण घट्ट होईपर्यंत शिजवा.

भाजी कोरडी असूनही ताटात पाणी सुटलं तर दोष आचेचा असतो. अंड्यातली प्रथिनं साधारण ६२ अंशांपासून घट्ट व्हायला लागतात. तापमान त्याच्या बरंच वर गेलं की ती इतकी आवळतात की धरलेलं पाणी बाहेर फेकतात. वर रबरासारखं अंडं आणि खाली पिवळसर पाणी दिसलं की आच मोठी होती असं समजा.

लाल कोबी अंड्यात घातला की निळसर हिरवा होतो. अंड्याचा पांढरा भाग अल्कधर्मी असतो, त्याने कोबीतल्या रंगद्रव्याचा रंग पालटतो. खायला धोका नाही, पण पाहून भूक मरते. कोबी परततानाच लिंबाचे चार थेंब पिळले तर रंग बराच टिकतो, नाहीतर सरळ पांढरा कोबी घ्या.

ज्यांना सकाळी पॅनसमोर उभंच राहायचं नाही, त्यांनी वाटीच्या आकाराच्या साच्यांत अंडी भाजून ठेवावीत. सहा अंडी, २०० ग्रॅम कोरडी केलेली भाजी, ६० मिलिलिटर दूध, अर्धा छोटा चमचा मीठ. साच्यांना तेल लावून तीन चतुर्थांश भरा, १७५ अंशांना १८ ते २२ मिनिटं. साधारण आठ नग होतात. हलवल्यावर मधला भाग डचमळला नाही की बाहेर काढा. ओव्हनमध्ये टम्म फुगलेले असतात ते बाहेर आल्यावर बसतात. तसंच व्हायला हवं. फ्रिजमध्ये तीन दिवस राहतात.

पिठाची धिरडी

इथे भाजीचं सुटणारं पाणी शत्रू राहत नाही, कारण पीठ ते शोषून घेतं. फक्त ते आधी मोजणीत धरायचं. १०० ग्रॅम हरभऱ्याच्या पिठाला एरवी १५० ते १८० मिलिलिटर पाणी लागतं. १०० ग्रॅम किसलेली भाजी घालणार असाल तर सुरुवातीला ११० मिलिलिटरच घाला. मीठ, भाजी आणि पीठ कालवून दहा मिनिटं झाकून ठेवा. त्या वेळात मिठाने भाजीचं पाणी सुटतं आणि पीठ फुगतं. मग घोळ पाहा: पळीतून सलग पडला पाहिजे आणि तव्यावर पडल्यावर स्वतःहून थोडाच पसरला पाहिजे. हवं असेल तर एकेक चमचा पाणी वाढवा. घाईने आधीच पूर्ण पाणी ओतलं की घोळ पातळ होतो, मग पीठ वाढवावं लागतं आणि भाजीचं प्रमाण पुन्हा घसरतं.

किसणीचं मध्यम भोक वापरा. जाड तुकड्यांभोवतीचं पीठ शिजतं, पण तुकडा कच्चा राहतो आणि उलटताना तिथूनच धिरडं चिरतं. तवा नीट तापल्यावर आच मध्यमपेक्षा थोडी कमी करा, घोळ अर्धा सेंटीमीटर जाड पसरा, झाकण ठेवा. तीन मिनिटांनी वरचा ओला रंग जाऊन कडा तव्यापासून सुटलेल्या दिसतील. त्याआधी उलथणं लावू नका. चिकटलेलं धिरडं बहुतेक वेळा फक्त आणखी एक मिनिट मागत असतं. दुसरी बाजू दोन मिनिटं, झाकण काढून.

मीठ घातलेला घोळ रात्रभर ठेवायचा नाही. सकाळपर्यंत भाजी सगळं पाणी सोडून देते. पीठ वेगळं, भाजी वेगळी ठेवा आणि सकाळी एकत्र करा.

लापशी आणि ओट्स

४० ग्रॅम ओट्सना २४० मिलिलिटर पाणी हे नेहमीचं प्रमाण. त्यात ५० ग्रॅम किसलेलं गाजर घातलं तरी पाणी बदलावं लागत नाही. झुकिनी घातली तर ३० मिलिलिटर कमी करा. किसलेला फ्लॉवर घालायचा असेल तर आधी पाण्यात तीन-चार मिनिटं उकळा आणि मग ओट्स टाका. उलट क्रमाने केलं तर ओट्स चिकट होतात आणि फ्लॉवरचा कच्चा वास उरतो.

गोड लापशीला गाजर आणि लाल भोपळा सर्वांत बरे. गाजर सुरुवातीपासून शिजू द्या, पाच मिनिटांत त्याचा उग्रपणा जाऊन गोडवा उतरतो. भोपळा वाफवून कुस्करलेला, माणशी ८० ग्रॅम, शेवटी मिसळा. एवढ्याने साखर निम्म्यावर आणता येते. बीट घालायचं तर ३० ग्रॅमपासून सुरू करा. त्याचा मातकट वास जिओस्मिन नावाच्या द्रव्याचा असतो आणि आंबटपणाने तो दबतो. आंबट फळाच्या फोडी वरून घाला. दुधात शिजवलेल्या लापशीत लिंबू पिळायला जाऊ नका, दूध फाटतं.

तिखटमिठाची लापशी अजून फार जण करून बघत नाहीत आणि तिथेच भाजीला सर्वांत जास्त जागा आहे. पाण्यात मीठ घालून ओट्स शिजवा, वर परतलेला कांदा, मशरूम आणि पालक मिळून वाटीभर, मिरपूड. हवं तर उकडलेलं अंडं.

ब्रेड आणि पेला

टोस्ट ओला होऊ नये म्हणून ब्रेडवर आधी लोणी, चीज किंवा दाण्याचं कूट वाटून केलेलं लोणी यांचा पातळ थर कडेपर्यंत लावा. चरबीच्या थरातून पाणी झिरपत नाही. काकडीचे काप तीन मिलिमीटरचे, पाच मिनिटं मीठ लावून टिपलेले. टोमॅटो गर काढलेला. डब्यात न्यायचं असेल तर भाजी वेगळी न्या आणि खाताना रचा.

मिक्सरमधल्या पेयांबद्दल थोडक्यात: आधी २०० मिलिलिटर दूध किंवा ताक, मग ३० ग्रॅम पालक, हे दोन्ही गुळगुळीत झाल्यावर एक केळं. सगळं एकदम टाकलं तर पानांचे धागे राहतात. रोज पेयावरच भागवू नका. चावून खाल्लेल्या भाजीने पोट जास्त वेळ भरलेलं राहतं.

भाजी नको म्हणणाऱ्यांसाठी

भाजी बारीक करून पदार्थात लपवली की पोटात जाते, पण तिची ओळख होत नाही. मोठी झाल्यावरही मुलं ती भाजी समोर आली की नाक मुरडतात. म्हणून लपवा जरूर, पण त्याच ताटात त्याच भाजीचा एखादा दिसणारा तुकडाही ठेवा, आणि तो खाल्ला नाही तर बोलू नका. नवी चव स्वीकारायला अनेकदा समोर यावी लागते.

कडवटपणामुळे नकार असेल तर सुरुवात भाजलेल्या गाजराने, मटाराने, लाल ढोबळी मिरचीने करा. हिरवी ढोबळी मिरची कच्ची तोडलेली असते, लाल ही तीच, झाडावर पिकलेली, म्हणून गोड. चार वर्षांखालच्या मुलांना कच्च्या गाजराचे तुकडे किंवा अख्खे छोटे टोमॅटो देऊ नका, घशात अडकतात. गाजर किसून किंवा मऊ शिजवून द्या, टोमॅटोचे उभे चार भाग करा.

शरीराला काय लागू पडतं, कोणी जपून खावं

गाजर, भोपळा, पालक यांतलं कॅरोटीन शोषलं जायला थोडी चरबी लागते, तेव्हा चमचाभर तेल वाचवण्यात अर्थ नाही. क जीवनसत्त्व उष्णतेने आणि पाण्यात विरघळून कमी होतं. त्यासाठी ढोबळी मिरचीचे काही तुकडे कच्चेच वर घाला. त्याच क जीवनसत्त्वामुळे भाजी आणि धान्यातलं लोह चांगलं शोषलं जातं, आणि चहा-कॉफीमुळे ते अडतं. ज्यांचं हिमोग्लोबिन कमी आहे त्यांनी चहा खाण्यासोबत न घेता तासाभराने घ्यावा.

आजवर सकाळी भाजी अजिबात नसेल तर पहिल्याच दिवशी १५० ग्रॅमवर उडी मारू नका, तंतुमय पदार्थ एकदम वाढले की पोट फुगतं. ४० ग्रॅमपासून सुरू करून दोन आठवड्यांत ८०वर या आणि पाणी पुरेसं प्या.

ऑक्झलेटचे मूतखडे झालेल्यांनी पालक आणि बीट रोज खाऊ नये. कोबी, ढोबळी मिरची, फ्लॉवर चालतात. वॉरफॅरिन हे रक्त पातळ करणारं औषध चालू असेल तर पालेभाजीतल्या के जीवनसत्त्वाचा त्यावर परिणाम होतो. अशांनी पालेभाजी बंद करायची नसते, रोजचं प्रमाण सारखं ठेवायचं असतं आणि वाढवायचं असेल तर आधी डॉक्टरांना सांगायचं असतं. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांना पोटॅशियमची मर्यादा असू शकते, त्यांनी भाज्यांची यादी डॉक्टरांकडून किंवा आहारतज्ज्ञांकडून घ्यावी. बीट खाल्ल्यावर काहींची लघवी गुलाबी होते, तो बीटाचा रंग असतो आणि एक-दोन दिवसांत जातो. बीट न खाताही तसं दिसलं तर मात्र तपासून घ्या.